हौदातला बूट

कुणी बूट हातात दिला की टाकेमास्तर आधी तो उलटा करत. वरचं कातडं म्हणजे माणसाचा चेहरा, पॉलिश मारलं की कुणाचाही खुलतो. खरं काय ते तळव्याला विचारावं, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळेत ते चौथीपर्यंतच टिकले, आणि तिथेही त्यांचा डोळा फळ्यापेक्षा गुरुजींच्या झिजलेल्या टाचेवर जास्त. टाके हे आडनावही नव्हे. शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि इंचाला किती टाके पडलेत ते न मोजता सांगायचं, या खोडीमुळे बाजाराने ठेवलेलं ते नाव. ते इतकं चिकटलं की खरं नाव विचारलं तर मास्तरांनाही क्षणभर आठवावं लागे.

दुकान जुन्या बाजाराच्या टोकाला, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. खिडकी अर्धी जमिनीत गेलेली, त्यामुळे आत बसलेल्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. मास्तरांना तेवढं पुरे होतं. "आला बघा तो टाच घासणारा," म्हणायचे, आणि वर बघावं तर उधारी बुडवलेला एखादा ओळखीचा चेहरा पायऱ्या न उतरताच सटकत असायचा.

लांबलांबून माणसं जुने बूट घेऊन त्यांच्याकडे येत. एकदा एक जाडेसे गृहस्थ रेशमी रुमालात गुंडाळलेला जोड घेऊन आले.

"पणजोबांचे आहेत. दीडशे वर्षांपूर्वीचे. किती मोलाचे असतील?"

मास्तरांनी जोड उलटा केला, सुलटा केला, आत हात घालून पाहिला. "पणजोबा फार दूरदृष्टीचे हो तुमचे."

गृहस्थ खुलले. "होतेच! पण तुम्हाला कसं कळलं?"

"टाचेला रबर आहे, तळव्याला मशीनचा टाका आहे, आणि आत नंबर छापलाय तो माझ्या तरुणपणीच्या शिक्क्याचा. बूट घ्यायला पणजोबा नातवाच्या लग्नापर्यंत थांबलेले दिसतात."

गृहस्थांनी रुमाल उचलला आणि जोड तिथेच टाकून गेले. मास्तरांनी तो दुरुस्त करून एका पाववाल्याला घातला. पाच वर्षं वापरला त्याने.

ही विद्या त्यांना पुस्तकातून आलेली नव्हती. तरुणपणी एका मोठ्या बूटखान्यात ते कामाला होते. तिथे एक म्हातारा उस्ताद होता. त्याने शिकवलं: तळव्याला लाकडाच्या बारीक खुंट्या असतील तर बूट आजोबांच्या काळातला, लोखंडी खिळे असतील तर बापाच्या, पितळी असतील तर आपल्या. दोरा मेणाचा की डांबराचा, भोकांच्या कड्या कुठल्या धातूच्या, टाच किती थरांची, हे सगळं बघायचं. टाचेचे खिळे मात्र सगळ्यांचे लोखंडीच; पण ठोकणाऱ्या प्रत्येक कारागिराची त्यांची मांडणी वेगळी, आणि तीच त्याची सही. मास्तरांची मांडणी होती घोड्याच्या नालेसारखे पाच आणि मध्ये दोन. आणि या सगळ्याच्या वर उस्तादाचा एक नियम होता: "आत बोट गेल्याशिवाय बाहेर शब्द येऊ द्यायचा नाही." कारण बूट बाहेरून झिजतो, बदलतो, नवी टाच लागते, नवा तळ लागतो; अस्तराला मात्र कुणी हात लावत नाही. पाय कसा होता ते अस्तरालाच ठाऊक.

मास्तरांनी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. त्या एका दिवसाची गोष्ट अशी.

मास्तरांची मोठी बहीण, म्हणजे ताई, आणि तिचे यजमान, म्हणजे मास्तरांचे भावोजी, त्यांच्याच घरात राहत. भावोजीही बूटखान्यातच. कातडं निवडण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, मात्र त्या हाताची दोन बोटं कातडं चिरायच्या मशीनने नेली होती. त्यामुळे बुटाच्या वाद्या त्यांना बांधता येत नसत. रोज सकाळी ताई उंबऱ्यात बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि चामड्याची वादी आवळून गाठ मारायची. संध्याकाळी तीच सोडायची. भावोजी म्हणायचे, "हिच्या परवानगीशिवाय मला घराबाहेरही पडता येत नाही आणि आतही येता येत नाही." ताई म्हणायची, "जास्त बोलाल तर दोन्ही बूट एकमेकांना बांधून ठेवीन."

साल्या-मेव्हण्याने मिळून स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं होतं. सगळं जुळत आलं आणि अडलं कुठे, तर शिक्क्यावर. तळव्यावर नाव कुणाचं उठवायचं? भावोजी म्हणाले, मी वयाने मोठा. मास्तर म्हणाले, टाका माझा. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मास्तर ओरडले, "चालते व्हा! परत या घरात पाय ठेवू नका!" दुसऱ्या दिवशी पहाटे भावोजी कातडं बघायला म्हणून बाहेर पडले. ताईने नेहमीसारखी गाठ मारून दिली. ते काही परत आले नाहीत.

तीन दिवस शोध झाला. गावाबाहेरच्या कातडी कमावायच्या कारखान्यात बाभळीच्या सालीच्या पाण्याचे सहा मोठे हौद होते, माणूस उभा बुडेल एवढे खोल. मालकाशी भांडण होऊन कामगार आठवडाभर कामावर नव्हते, तेव्हा तिकडे कुणी फिरकलेलंही नव्हतं. वासाचं म्हणाल, तर त्या आवारात कुणाला कसला वेगळा वास येणार? बांबू घालून दोन हौद ढवळून झाले. उरलेले चार दुसऱ्या दिवशी बघायचे ठरले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस एक जोड घेऊन आले. दूरच्या शहरातल्या एका लॉजमध्ये कुणी पाहुणा तो सोडून गेला होता. तपकिरी, त्याच बूटखान्याचा, डाव्या करंगळीपाशी हाडासारखा फुगवटा. वाद्या नव्हत्या. भावोजींच्या डाव्या करंगळीपाशी तसंच हाड वर आलेलं होतं, आणि त्यासाठी लाकडी साचा, म्हणजे कलबूत, मास्तरांनी स्वतः तासलेलं होतं. आपलं कलबूत त्यांनी झोपेतही ओळखलं असतं.

अंगणात निम्मी आळी उभी. मास्तरांनी जोड उलटा केला. टाच नवी होती, कुठल्यातरी परगावच्या हाताने ठोकलेली. वाटेत बदलली असेल, ते मनात म्हणाले. घर सोडून पळालेला माणूस चार दिवसांत नवी टाच कशाला ठोकून घेईल, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आत बोटही घातलं नाही. ज्या माणसाला आपण 'चालते व्हा' म्हणालो त्याच्या बुटात हात घालायची त्यांना किळस आली, की भीती वाटली, त्यांचं त्यांनाच माहीत.

ताई दारात आली. "मला दाखव."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मास्तर म्हणाले, आणि पोलिसांकडे वळले. "त्यांचेच आहेत. गेले ते, सोडून गेले."

उरलेले चार हौद कुणी ढवळले नाहीत. कामगारांचं भांडण मिटलंच नाही, कारखाना बंदच पडला; चार-सहा महिन्यांत हौद राडारोड्याने बुजवले, वर गवत आलं.

मास्तरांनी पुढे दुकान काढलं. तळव्यावर शिक्का मात्र त्यांनी कधीच उठवला नाही. ताई त्यांच्याकडेच राहिली, मागच्या खोलीत बसून बुटाचे वरचे भाग शिवायची. टाकलेली बाई म्हटलं की लोक कसे बोलतात ते काय सांगायचं; नळावर, दुकानात, नात्यात, जो तो तिला एकतर उपदेश करी नाहीतर खोदून विचारी. ताईची जीभ चामडं टोचायच्या आरीपेक्षा तीक्ष्ण झाली. लॉजमधला तो जोड तिने फेकू दिला नाही. फळीवर ठेवला आणि दर रविवारी पॉलिश करून चकचकीत ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "येईल ना एक दिवस. आला की याच बुटाने बडवणार आहे त्याला. तोवर धड राहायला नकोत का?"

ऐकणारे हसत. मास्तर हसत नसत.

अशी एकतीस वर्षं गेली.

मग एका सकाळी तरुण हवालदार दोन पायऱ्या उतरून आला. हातात पिशवी, पिशवीत चिखलाचं पाणी, पाण्यात एक काळा गोळा.

"मास्तर, एवढं वय सांगा याचं. हाडांबरोबर मिळालाय. कपडे सगळे विरघळले, हा एकटाच शाबूत."

"सुकवला नाहीत ना?"

"नाही, होता तसा आणला."

"शहाणे आहात. सुकला असता तर आक्रसून लाकूड झालं असतं त्याचं. कुठे मिळाला?"

"जुन्या कातडी कारखान्याच्या जागेवर पाया खणतायत. खाली बुजवलेला हौद लागला."

मास्तरांचा हात पिशवीतच थांबला. "रस्त्याकडून कितवा?"

"काय कितवा?"

"हौद."

"तिसरा," हवालदार म्हणाला. "हे बघा, साठ वर्षांच्या वरचा निघाला तर साहेब फाइल बंद करतात. अलीकडचा निघाला, तर कोण, कुठला, कसा, सगळं उकरत बसायचं. आता तुमच्यावर आहे. बूट मिळाल्याची या कागदावर सही करा, ठेवून जातो, संध्याकाळी येतो."

तो गेल्यावर मास्तरांनी घमेल्यात पाणी घेतलं आणि बूट धुतला. चिखल निघाला तसं कातडं दिसलं, कमावणीच्या पाण्यात मुरून काळंभोर झालेलं, पण शिवणीसकट जागेवर. डावा पाय. करंगळीपाशी फुगवटा. त्यांनी बूट उलटा केला. टाचेतलं लोखंड सालीच्या पाण्याने कधीच खाल्लं होतं; खिळ्यांच्या जागी शाईसारखे ठिपके उरले होते. पाच नालेसारखे, मध्ये दोन.

या वेळी त्यांनी आत बोट घातलं. अस्तर सपाट होतं.

मग स्टुलावर चढून त्यांनी फळीवरचा जोड खाली काढला. एकतीस वर्षं डोळ्यांसमोर असलेला तो जोड त्यांनी पहिल्यांदा आतून चाचपला. डाव्या बुटात, पावलाच्या उंचवट्यापाशी, बोटाला एक कड लागली. आडवी, स्पष्ट, वीतभरही नाही. कलबुतावर चामड्याची पट्टी ठोकून ते मोठं केलं की अस्तरावर अशीच कड उमटते. भावोजींचा पाय तर पावलाशी अगदी चपटा. म्हणजे बूटखान्याच्या मालकाने त्यांचं कलबूत तशाच करंगळीच्या, पण उंच पावलाच्या दुसऱ्याच कुणा गिऱ्हाइकासाठी वापरलं होतं. बूटखान्यात ही रीतच होती, नवं कलबूत तासायचा खटाटोप कोण करणार? मास्तर पंधरा दिवस तापाने झोपले होते तेव्हाच झालं असणार हे.

एक बोट. एवढंच काम होतं त्या दिवशी.

मास्तर पाटावर बसले. खिडकीतून पाय जात होते. आता सांगून काय होणार, त्यांनी मनाशी हिशेब मांडला. माणूस पडला तेव्हाच गेला असणार. ताई एकोणसत्तर वर्षांची. राग हीच तिची काठी. तीच काढून घेतली तर उभी कशाच्या आधाराने राहील? आणि या सगळ्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ते त्यांनी उलटून पाहिलं नाही. फळीवरचा जोड त्यांनी परत जागेवर ठेवला.

तेवढ्यात ताई शिवलेले भाग घेऊन बाहेर आली. पाठीत वाकलेली, चष्मा कपाळावर.

"हे काय घाण भिजत घातलंयस?"

"हवालदाराने आणलाय. जुना आहे."

"कुणाचा?"

"कोण जाणे. साठेक वर्षांपूर्वीचा असेल. असेल कुणी म्हातारा."

एकतीस वर्षांपूर्वी मास्तर चुकून खोटं बोलले होते. आज समजून बोलले.

ताईने भाग टेबलावर ठेवले, वळली, आणि दाराशी जाऊन थांबली. परत आली. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि घमेल्यावर वाकली.

"याची वादी कुणी बांधली?"

मास्तरांनी पाहिलं. तळवा, टाच, टाका, अस्तर, सगळं त्यांनी पाहिलं होतं. वरची वादी त्यांनी पाहिलीच नव्हती. ती चामड्याची, म्हणून टिकली होती. गाठ मारलेली होती.

"मी डावखुरी आहे," ताई हळूच म्हणाली. "माझा फास उलट्या बाजूला पडतो. आणि शेपूट सुटू नये म्हणून मी ते खाली खोचते. हे बघ. खोचलंय." तिने बोट पाण्यात घालून शेपटाला लावलं, पण ओढलं नाही. "मला काय कळतंय म्हणा त्यातलं."

"ताई..."

"कुठे मिळाला?"

मास्तरांनी सांगितलं. तिसरा हौद, हेही सांगितलं. तिने तोंडातल्या तोंडात मोजलं. दोन ढवळून झाले होते, हे तिच्याही लक्षात होतं.

"त्या दिवशी शोधला असता तर जिवंत मिळाला असता?"

"नाही गं. पहिल्याच पहाटे गेले असणार. हौदावर टाकलेली फळी निसरडी होती, एका हाताला धरायला बोटं नाहीत."

"म्हणजे माझा नवरा तू मारला नाहीस. तेवढं एक बरं झालं." ती घमेल्याजवळच खाली बसली. "एकतीस वर्षं मी त्याला रोज शिव्या घातल्या. सकाळी उठले की पहिली शिवी त्याला. आणि तो इथे, चालत गेलं तर पाऊण तासावर, माझी गाठ पायात घेऊन पडला होता."

 

मग तिची नजर फळीवर गेली. रविवारीच पॉलिश झालेला जोड लखलखत होता.

"मग हे मी कुणाचे पुसत होते?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"कुणातरी उंच पावलाच्या माणसाचे. याहून जास्त नाही सांगता येत."

संध्याकाळी हवालदार आला. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मी सांगते, लिहून घ्या. बूट माझ्या नवऱ्याचा. एकतीस वर्षांपूर्वीचा. गाठ माझी." आणि मास्तरांकडे न बघता पुढे म्हणाली, "टाच याची. आधीचा याचा जबाब खोटा, तेही लिहा. खाली सही हाच करील."

हवालदाराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "लिहा." आणि सही केली. 

हवालदार बूट पिशवीत घालू लागला तशी ताई म्हणाली, "थांबा." तिने बूट मांडीवर घेतला. मास्तरांनी आरी पुढे केली. तिने ती घेतली नाही. नखानेच खोचलेलं शेपूट काढलं, फास सैल केला, आणि गाठ सोडली, रोज संध्याकाळी सोडायची तशी. पुराव्याला हात लावू नये असं हवालदाराला म्हणायचं होतं बहुतेक, पण तो पिशवी उघडी धरून उभा राहिला. पोरगा मुळात चांगला होता.

तो गेल्यावर ताई एवढंच म्हणाली, "आख्ख्या जगाचे बूट ओळखतोस ना तू? मग फळीवरचे कुणाचे ते शोधून सांग. तोवर माझ्याशी बोलायचं नाही."

लोकांना वाटलं, रागाच्या भरात म्हणाली, चार दिवसांत निवळेल. ताई निवळणाऱ्यातली नव्हती. ती त्याच घरात राहिली, मास्तरांपुढे ताट ठेवायची, ताप आला तर कपाळावर ओली पट्टी ठेवायची, पण शब्द नाही. मास्तरांनी शोधायचं म्हणून काय नाही केलं! बूटखान्याच्या मालकाच्या मुलाला भेटले. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या त्याने कधीच रद्दीत घातल्या होत्या. जुने कारागीर शोधले. एक आंधळा झालेला, दोन गेलेले. त्या शहरात जाऊन आले. लॉजच्या जागी औषधाचं दुकान होतं. बाजारात उंच पावलाचा म्हातारा दिसला की खिडकीतून त्याचे पाय बघून मास्तर धावत वर जायचे. "काका, तुमची डावी करंगळी दाखवता?" लोक म्हणू लागले, मास्तरांचं डोकं फिरलं.

एखादं नाव ठोकून द्यायला काय लागत होतं? अमक्या गावचा तमका, मेला बिचारा, संपलं. ताईला पडताळून थोडंच बघता येणार होतं? त्या सहा वर्षांत मास्तरांच्या ओठांवर असं नाव कितीदा आलं आणि कितीदा त्यांनी ते गिळलं, देव जाणे. शेवटच्या आजारात ताई त्यांच्याकडे टक लावून बघायची, आणि ते नुसती मान हलवायचे, नाही, अजून नाही. ती डोळे मिटून घ्यायची. तशीच ती गेली.

मास्तर आता बुटाचं वय सांगत नाहीत. कुणी जोड घेऊन आलंच, तर "दुरुस्ती असेल तर बोला," म्हणतात. फळीवरचा जोड मात्र तिथेच आहे. रविवारी ते तो खाली काढतात, पॉलिश करतात, फडक्याने चमकवतात आणि वर ठेवायच्या आधी डाव्या बुटात बोट घालून बघतात. कड असतेच.